रिकामा माग

विणकरांच्या तांडापेठेत येऊन नुसतं "चंद्रभान पौनीकर कुठे राहतात?" असं विचारून भागत नसे. चंद्रभान त्या वस्तीत ढिगानं होते आणि पौनीकर तर गल्लोगल्ली. "कोन्ता चंद्रभान? लंगड्या मागाचा?" असं समोरचाच विचारी, आणि हो म्हटलं की स्वतःच्या कानाकडे बोट दाखवी. म्हणजे ऐका आणि आवाजाच्या मागे जा.

माग काही लंगडा नव्हता. चंद्रभानचा डावा पाय अधू होता, लहानपणीच्या तापात गेलेला. गल्लीतले बाकीचे माग खटाखट एका दमात चालत. चंद्रभानचा माग 'खट्' म्हणून थबके, अधू पायाला पावडी दाबायला जो काय वेळ लागे तेवढा घेई, आणि मग 'खटाक्' म्हणे. खट्... खटाक्. शेजारचा नत्थू म्हणायचा, "चंद्रभानचा माग नव्या नवरीवानी चालते गा. एक पाऊल टाकते अन् मागं पाहते." चंद्रभान स्वतःही हसायचा. चिडण्याएवढी फुरसत त्याला कधी मिळालीच नाही.

लग्नाला पुष्कळ वर्षं होऊन गेल्यावर, टेकडीच्या गणपतीला नवस बोलून बोलून, त्याच्या घरी उत्तरा झाली. घर म्हणजे एक खोली. खोलीत मागाचा खड्डा, आणि मागानं जी जागा सोडली तेवढ्यात संसार. चंद्रभानची बायको जयवंता मागाशेजारीच पोरीची झोळी बांधायची आणि चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसायची. माग चालू असला की पोरगी गाढ झोपे. माग थांबला रे थांबला की डोळे उघडून भोकाड पसरे. बापाला पाणी प्यायला उठायची चोरी झाली होती.

पुढे शाळेचे पाढेही तिने मागाशेजारी बसूनच पाठ केले. वर्गातल्या इतर पोरी "बे दुणे चार" सपासप म्हणत. उत्तरा "बे दुणे..." म्हणून थांबे आणि मग "चार" म्हणे. बाईंना वाटे पोरगी अडखळते. अडखळत-बिडखळत काही नव्हती, बापाच्या पायासाठी थांबत होती. पण हे ना बाईंच्या ध्यानात आलं, ना बापाच्या, ना खुद्द पोरीच्या. आपल्या घरचा वास आपल्याला कधी येत नाही, त्यातलीच गत.

चंद्रभानच्या बापानं मागे दोनच गोष्टी ठेवल्या होत्या, हा माग आणि एक ताकीद. रिकामा पाळणा हलवू नये, रिकामी कात्री वाजवू नये आणि रिकामा माग हाणू नये. कांडीवरचं सूत सरलं की पाय उचलायचा. रिकामा माग घरातलं होतं-नव्हतं ते विणून नेतो, असं म्हातारा म्हणायचा. चंद्रभान देवळात कमी जाई, पण ही ताकीद त्यानं जन्मात मोडली नव्हती.

उत्तरा दहावीत फर्स्ट क्लासात पास झाली तेव्हा त्या घरात लिहिता-वाचता येणाऱ्याची मजल चौथीच्या पलीकडे गेलेली नव्हती. पोरीनं सायन्स घेतलं आणि म्हणाली, मला मेडिकलला जायचं आहे. चंद्रभानला मेडिकल माहीत होतं ते इस्पितळ म्हणून, तिथे त्याचा बाप वारला होता. तरी त्यानं आनंदानं गल्लीभर सांगितलं, "आमची उत्तरा मेडिकलमधी भरती होनार!" ऐकणाऱ्या बायका तोंडावर पदर घेऊन विचारू लागल्या, "अगं बाई, काय झालं तिले? कालच तं नळावर पाहिली होती!" चंद्रभानला दर घरी थांबून खुलासा करावा लागला की रोगी म्हणून नाही, डॉक्टरीण म्हणून. मग बायका हसल्या, आणि हसता हसता प्रत्येकीनं आपापलं दुखणं त्याच्याजवळ आगाऊ नोंदवून ठेवलं. तांडापेठेला तिची स्वतःची डॉक्टरीण मिळणार होती.

हे ब्याऐंशी सालचं. बारावीचं वर्ष पोरीच्या आधी आईबापांनाच चढलं. कुणीतरी सांगितलं की तिखटानं डोक्यात गरमी जाते. जयवंतानं सावजी मसाल्याचा डबा उचलून फळीवर उंच ठेवला, आणि रविवारी ज्या घरात रस्सा खाऊन नाकं वाहायची तिथं दुधीची भाजी होऊ लागली. कुणी म्हणालं बदाम द्या. कुणी म्हणालं केस धुवू नका, पाठ केलेलं वाहून जातं. पोरगी काय वाचते ते दोघांना कळत नव्हतं. पुस्तक इंग्रजी. पान उलटलं की दोघं एकमेकांकडे पाहत, एवढंच काय ते त्यांच्या हातात.

एकदाच तिनं बापाला त्या पुस्तकातलं काही सांगितलं होतं. मागावर लाल काठाचं लुगडं होतं. उत्तरा म्हणाली, "बाबा, हा तुमचा लाल रंग आमच्या पुस्तकात आहे. ॲनिलिन म्हणतात. त्याच्यापासून रंग बनतात." चंद्रभानला कोण आनंद! आपलं सूत पोरीच्या पुस्तकात आहे, मग अगदीच परका मामला नाही म्हणायचा. त्या दिवसापासून तो गिऱ्हाइकालाही सांगू लागला, "पक्का रंग आहे जी. ॲनिलिन."

परीक्षा तोंडावर आली आणि गल्लीच्या टोकाला राहणारे मधुकरराव घरी आले. मधुकरराव सरकारी कचेरीत बाबू. त्यांचा मुलगा इंजिनीअरिंगला लागलेला, म्हणून या विषयात त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. ते दारात उभे राहिले, कानांवर हात ठेवले आणि माग थांबेपर्यंत काढले नाहीत.

"चंद्रभान, अरे पोरगी अभ्यास करून राहिली अन् तू तिच्या डोक्यात हातोडे हाणून राहिला? एकाग्रता पाहिजे, एकाग्रता! आमच्या घरी सहा महिने रेडिओ लागला नाही."

चंद्रभान खड्ड्यात पाय सोडून बसला होता, तो आणखी खाली गेल्यासारखा झाला. मधुकरराव गेल्यावर तो जयवंताला म्हणाला, "पोट्टीले एकागरता पायजे म्हणते."

"ते काय असते? बदामात असते का?"

"नाई वं. चुपचाप बसलं का येते म्हणते."

जयवंतानं मागाकडे पाहिलं. म्हणाली, "मंग आपुन एवढे दिवस तिचं नुकसानच केलं म्हना की."

त्याच संध्याकाळी चंद्रभाननं माग बंद केला. अर्धवट विणलेलं लुगडं तसंच मागावर राहिलं, वरून जयवंतानं जुनं पातळ टाकलं. पण आपला एक माग बंद करून काय होतं, भिंतीला भिंत लागून नत्थूचा, त्याच्या पलीकडे आणखी कुणाचा. चंद्रभान पाय ओढत दारोदार गेला आणि हात जोडले. एरवी नळावरच्या बादलीवरून एकमेकांची डोकी फोडणारी ती गल्ली, पण या कामी कुणी वाकडा शब्द काढला नाही. कुणी कामठीला पावरलूमवर बदली कामाला जाऊ लागलं, कुणी पाचपावलीला मेहुण्याच्या मागावर. नत्थूनं तर बायकोला भांडायचंही बंद करायला लावलं. गल्लीतून सायकल नेणारा घंटी वाजवेना, पोरांनी गोट्या दुसऱ्या गल्लीत नेल्या. असं प्रेम विकत मिळत नाही. आणि असं प्रेम डोक्यावर घेऊन अभ्यासाला बसणं म्हणजे काय, हे त्या पोरीलाच ठाऊक.

कारण उत्तराचं काहीतरी बिनसलं. ती एकच पान घेऊन बसे आणि दुपार जाई. उन्हानं पत्रा तडतडला तरी दचके. वाचलेलं डोळ्यांतून आत जाई आणि कुठे टेकत नसे. रात्री झोप नाही, सकाळी डोकं जड. बाप उंबऱ्यावर बसून वाळ्याचा पंखा हलवे, तोही आवाज होऊ नये म्हणून हळूच. पोरगी त्याच्याकडे पाही आणि पुन्हा पुस्तकात तोंड घाली.

एक दिवस ती चुलीपाशी आईजवळ येऊन बसली. "आई, बाबाले म्हण ना, माग चालवा."

जयवंताला भरून आलं. पोरीला घराची किती काळजी! बाप कामावर नाही, हात आखडला आहे, हे तिच्या ध्यानात आलं म्हणायचं. तिने पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. "तू आमची फिकीर नोको करू वं बाई. आमचं होते कसं बी. तू आपली वाच."

"तसं नाही आई. मले ना... करमत नाही."

"परीक्षेचं कोनाले करमते? सरली का सरली."

उत्तरा उठून गेली. तिला तरी नीट कुठे माहीत होतं आपल्याला काय हवं आहे? आणि माहीत असतं तरी सांगणार कोणत्या तोंडानं? साऱ्या गल्लीनं तिच्यासाठी आपापले हात थांबवले होते, आणि ती म्हणणार, मला आवाज पाहिजे? जयवंतानं रात्री नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याचेही डोळे ओले झाले. "गुनाची पोट्टी आहे," तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं खोकणंसुद्धा बाहेर जाऊन सुरू केलं.

परीक्षेला चंद्रभान रोज तिच्याबरोबर जाई. आत पेपर सुरू झाला की बाहेर कडुनिंबाखाली आईबापांची जत्रा भरे. कुणी माळ ओढतं आहे, कुणी उगाच डबा उघडून झाकतं आहे. कुणाच्याच हातात काही नव्हतं, म्हणून जो तो हातांना काही ना काही काम देत होता. चंद्रभान पाण्याची बाटली पोटाशी धरून बसे. केमिस्ट्रीच्या दिवशी त्या इमारतीतून चिटपाखराचाही आवाज येत नव्हता. चंद्रभानचं काळीज सुपाएवढं झालं. मधुकरराव म्हणतात ती एकाग्रता ती हीच, आता पोरीचं सोनं झालं, असं त्याला वाटलं.

पोरगी बाहेर आली तेव्हा तिचे ओठ सुकले होते.

"कसा गेला वं?"

"बरा गेला."

"आपला ॲनिलिन आला होता का?"

उत्तरानं त्याच्याकडे पाहिलं. "हो बाबा, आला होता. मोठा प्रश्न होता."

चंद्रभाननं घरापर्यंतची वाट उडत काढली. गल्लीच्या तोंडाशीच त्यानं नत्थूला गाठून सांगितलं, "आपलाच रंग इचारला गा पेपरात!"

परीक्षा संपली, मामा येऊन उत्तराला आपल्या गावी, मौद्याला घेऊन गेला, आणि त्याच दिवशी गल्लीतले सगळे माग एकदम सुरू झाले. उन्हाळाभर चंद्रभान विणत राहिला. निकालासाठी उत्तरा परतली त्या सकाळी त्यानं पुन्हा मागावर पातळ टाकलं. पेढे आणायचे होते, पाहुणे येणार होते.

पेढे आणावे लागले नाहीत. पोरगी पास झाली होती, पण केमिस्ट्रीत जेमतेम. मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तरी आकडे बदलले नाहीत. "ह्याच्यात मेडिकल... कठीण आहे, चंद्रभान." रात्री उत्तरा आईच्या मांडीत तोंड खुपसून रडली. "तोंडपाठ होता वं आई तो ॲनिलिन. पुरा पाठ होता. लिहायले बसली अन् एक ओळ आठवली नाही. इतकं शांत होतं तिथं... काहीच येईना." जयवंता तिला थोपटत राहिली. चंद्रभान भिंतीकडे तोंड करून पडला होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

अर्ज तरीही केला. यादी लागेपर्यंत मागावरचं पातळ काढायचं चंद्रभानच्या मनात आलं नाही. आशा वेडी असते म्हणतात. आईबापांची तर ठार वेडी असते. यादी लागली त्या दिवशी बापलेक दोघं मेडिकलला गेले. यादी काचेच्या पेटीत होती आणि इंग्रजीत होती, म्हणून चंद्रभान यादीकडे पाहतच नव्हता. तो पोरीच्या बोटाकडे पाहत होता. बोट काचेवरून हळूहळू खाली आलं. तळाशी पोचलं. थोडं थांबलं आणि पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून खाली येऊ लागलं. मागून लोक ढकलत होते. "चाल बाई," चंद्रभान म्हणाला. "ऊन झालं." 

दोघं गल्लीत शिरले तेव्हा नत्थू दारातच बसला होता. तोंडं पाहूनच तो समजला. उठून आला आणि चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे गा. पुन्हा बसन ते परीक्षेले. पुढच्या साली आनखी दोन महिने आधीपासून बंद ठेवू आपन सारे. एक सुई पडू देनार नाही गल्लीत."

चंद्रभाननं त्याला हात जोडले. उत्तरा मान खाली घालून घरात गेली.

दुपारी कुणी फारसं जेवलं नाही. भांडी घासून झाली. चंद्रभान थोडा वेळ बसला, थोडा वेळ उभा राहिला, शेवटी मागावरचं पातळ काढून खड्ड्यात उतरला. दुःख झालं की माणसं देवाकडे जातात, दारूकडे जातात; त्याला जायला एवढं एकच ठिकाण होतं. त्यानं सुताची कांडी घातलेला धोटा ताण्यातून आडवा फेकला आणि पावडीवर पाय ठेवला. खट्... खटाक्. खट्... खटाक्.

उत्तरा उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत बसली होती. थोड्या वेळानं चंद्रभानला वाटलं, पोरगी रडते आहे. त्यानं कान दिला. रडत नव्हती. खाली पाहून काहीतरी पुटपुटत होती, खडे वेचता वेचता, जसं कुणी कामात असताना गाणं गुणगुणतं तसं. इंग्रजी होतं. त्याला काय समजणार? पण मध्येच तो एक शब्द आला, ॲनिलिन.

चंद्रभान सावध झाला. त्यानं पाय चालू ठेवला आणि नीट ऐकलं. पोरगी ओळीमागून ओळ म्हणत होती. "ॲनिलिन इज प्रिपेअर्ड..." आणि थांबत होती, "...फ्रॉम नायट्रोबेंझिन." पुन्हा थांबत होती. अडखळत नव्हती. जिथे त्याचा अधू पाय पावडीवर चढायचा, बरोबर तिथे ती थांबत होती, आणि 'खटाक्'बरोबर पुढचा शब्द तिच्या तोंडून उतरत होता. त्यानं पाय जरासा सावकाश केला. तीही सावकाश झाली. त्यानं जरा भरभर मारला. तिचीही जीभ भरभर चालली. पोरगी आपल्याच नादात होती, तिला याचा पत्ता नव्हता.

तेव्हा चंद्रभानला कळलं. झोळी कळली, पाढे कळले, चुलीपाशी येऊन "माग चालवा" म्हणणं कळलं. जे काही ती पोरगी आजवर शिकली होती ते त्याच्या लंगड्या पायाच्या तालावर शिकली होती, आणि ऐन वेळी त्यानं तो पाय काढून घेतला होता. हात जोडून, दारोदार फिरून, साऱ्या गल्लीचे पाय काढून घेतले होते. आता हे कुणाला सांगायचं? पेपर घेणाऱ्यांना जाऊन म्हणायचं का, की पोरीला माझा माग ऐकवा, ती सगळं लिहील? पण रडण्याचीही सोय नव्हती. पाय चुकला असता.

इतक्यात धोटा हलका झाला. कांडी सरली होती. एरवी त्याचा पाय आपोआप वर यायचा. पण पोरीचं उत्तर अजून अर्ध्यावर होतं. चंद्रभाननं पाय उचलला नाही. रिकामा धोटा इकडून तिकडे गेला. खट्... खटाक्.

चुलीपाशी बसलेल्या जयवंताला आवाजातला फरक लगेच समजला. ती धावतच आली. "अवो, कांडी सरली ना! रिकामा माग काहून हाणून राहिले? येड लागलं का?"

चंद्रभाननं मान हलवून तिला गप्प केलं आणि डोळ्यांनी पोरीकडे दाखवलं. जयवंता ऐकत राहिली. मग तिने पदराचा बोळा तोंडात धरला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

पोरीचं उत्तर संपलं. तिने सुपातून मान वर केली, आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग मागाकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "पुरा आला."

"आला ना," चंद्रभान म्हणाला. रिकामा धोटा हातातून सुटत होता आणि परत येत होता, लुगडं बोटभरही पुढे सरकत नव्हतं. त्यानं पाय थांबवला नाही. "मंग दुसरा कोन्ता होता वं, पोट्टे? तो बी म्हन."